रुपयाचा फोटो आला की मी आधी काठ बघतो

व्हॉट्सॲपवर इंग्रजांच्या काळातल्या चांदीच्या रुपयाचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ, "भाऊ, याचे किती येतील?" एका फोटोवरून भाव सांगणं अवघड आहे, पण नाणं कोणत्या अवस्थेत आहे त्याचा बराच अंदाज येतो, बघायचं कुठे ते फक्त माहिती पाहिजे.

बहुतेक जण आधी चेहरा बघतात, राणी (व्हिक्टोरिया) छाप आहे का राजा छाप. मी आधी काठ बघतो, कारण आपल्या खान्देशात, त्यातही धडगाव-अक्कलकुव्याकडे, रुपये माळेत घालायची रीत आहे, त्यासाठी वर कडी जोडलेली असते, आणि विकायच्या वेळी ती कडी काढून जागा कानशीने घासून टाकतात. फोटो मोठा करून मुकुटाच्या वरच्या बाजूला बघा, काठाच्या आतली बारीक टिंबांची ओळ तिथेच चपटी झालेली दिसेल, धातूचा रंगही तेवढ्याच जागी वेगळा. चेहरा कितीही छान असू दे, संग्राहक असल्या रुपयाला चांदीच्या भावापेक्षा फार काही देत नाही.

दुसरी गोष्ट चकाकीची. कृपा करून रिठा, चिंच, पितांबरी काही लावू नका! टाकसाळीत ठसा पडताना धातू मधून बाहेरच्या बाजूला सरकतो, त्याच्या अतिशय बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात आणि नाणं हलवलं की उजेड त्यांच्यावरून गोल फिरतो. घासलं की त्या रेषाच जातात, मग नाणं फोटोत पांढरंफटक दिसतं आणि मोकळ्या जागेत एकाच दिशेचे ओरखडे दिसतात. म्हणून मी फ्लॅशचा फोटो मागत नाही, ओसरीत खिडकीजवळ तिरप्या उजेडात नाणं हळूहळू कलतं करून छोटा व्हिडिओ काढा म्हणतो, खरी झळाळी असली तर लगेच कळते. झीज बघायची ती उंच जागी, राणीचा गाल आणि कानावरचे केस, पंचम जॉर्जची भुवई, मिशी आणि मुकुट.

डुक्कर छाप म्हणून तर कितीतरी फोटो येतात. जॉर्जच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती १९११ च्या नाण्यावर आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, लोकांची नाराजी झाली आणि १९१२ पासून सोंड दुरुस्त केली. झिजलेल्या रुपयावर कोणत्याही सालचा हत्ती तसाच दिसतो, तेव्हा आधी साल वाचा.

फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून बारीकसारीक सगळं पुसून टाकतं. दोन्ही बाजू, काठावरच्या उभ्या रेघा, आणि जमलं तर काट्यावर ठेवलेला एक फोटो, पूर्ण वजनाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो, झिजून थोडं कमी भरेल ते चालतं. आणि साल १९४० ते १९४५ मधलं असेल तर त्यात चांदी निम्मीच आहे, १९४६-४७ च्या रुपयात तर चांदी नाहीच, हे सराफाकडे जायच्या आधी लक्षात असू द्या.