तुम्ही विचारलंत म्हणून: कार्डावर ५०० पौंड भरले, मग ६,४०० कसे परत आले?

शाळेच्या गेटपाशी, कुणाच्या बारशाला, कधी थेट रात्री साडेनऊला फोनवर. प्रश्न तोच. "ताई, तुमची ती सेकंडहँड गाडी खराब निघाली होती ना? डीलरनं तर हात वर केले होते. मग पैसे बँकेनं कसे दिले? आणि कार्डावर तर तुम्ही ५०० पौंडच भरले होतेत!"

विचारणाऱ्यांच्या आवाजात थोडं कौतुक असतं, जणू मी काही मोठा डाव टाकला. डाव वगैरे काही नव्हता. उलट मी घोटाळेच जास्त केले आणि त्यातून वाचले. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. एक मात्र आधी सांगते: हा ब्रिटनचा कायदा आहे. भारतातल्या बँकेच्या कार्डाला तो लावू नका.

गाडी सात वर्षांची, ऑटोमॅटिक, किंमत ६,४०० पौंड. 'ती दुसरी कुणी नेऊ नये' म्हणून डीलरनं ५०० पौंड आगाऊ मागितले. नवरा खिशातून पाकीट काढत होता, पण त्याचं कार्ड दुसऱ्या कोटात राहिलं होतं. म्हणून मी माझं क्रेडिट कार्ड पुढे केलं. बिलही माझ्या नावावर झालं. उरलेले ५,९०० गाडी ताब्यात घेताना बँकेतून ट्रान्सफर केले. त्या दिवशी या सगळ्याला काडीचं महत्त्व वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी पहिला झटका बसला. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना कुणी मागून ढकलल्यासारखा. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, होत असेल. अकराव्या दिवशी फोन केला तेव्हा डीलर म्हणाला, गाडीला तुमच्या चालवण्याची सवय व्हायची आहे. मला ते पटलंसुद्धा! आपल्या भाषेत 'चालवून घेणं' हा शब्दप्रयोग आहे ना, मी तेव्हा तेच करत होते. गाडी चालवत होते आणि तिचा दोषही चालवून घेत होते.

पंधराव्या दिवशी गाडी त्यांच्या वर्कशॉपला दिली. सहा दिवसांनी परत मिळाली. काय केलं विचारलं तर 'सॉफ्टवेअर अपडेट'. चोविसाव्या दिवशी मोटरवेवर चढताना मी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं आणि गाडी जागच्या जागी रेंगाळली. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न मला अजून ऐकू येतो. घरी आले, किल्ली टेबलावर टाकली आणि म्हटलं, ही गाडी मला नको.

पण म्हटलं ते नवऱ्याला. डीलरला मी पुढचे दोन दिवस "काय करता येईल?", "तुम्ही पुन्हा एकदा बघाल का?" असंच विचारत राहिले. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं ते मेल वाचले आणि म्हणाला, "यात तू गाडी परत करते आहेस असं कुठे लिहिलंयस?" मी पुन्हा वाचले. कुठेच नव्हतं. विनंती होती, तक्रार होती, दोनदा 'सॉरी'सुद्धा होतं. नकार नव्हता.

सत्ताविसाव्या दिवशी चार ओळींचा मेल गेला. गाडी कोणत्या तारखेला घेतली, दोष कोणता, दुरुस्ती करूनही तो राहिला, आणि कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे मी ही गाडी नाकारत आहे, पूर्ण पैसे परत करा आणि गाडी घेऊन जा. त्या दिवसापासून गाडी घरापुढे उभी. मंडईलासुद्धा नेली नाही. विमा मात्र चालू ठेवला, कारण गाडी वापरात नसल्याची रीतसर नोंद केल्याशिवाय इथे उभ्या गाडीचाही विमा लागतो.

मी दिवस मोजून सांगते आहे ते कायद्यातल्या ३० दिवसांच्या मुदतीमुळे. ती नीट समजून घ्या, कारण मला फोन करणाऱ्या दहातल्या आठ जणांचा घोळ इथेच असतो. व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू समाधानकारक दर्जाची, सांगितली तशी आणि कामाची असली पाहिजे, असं हा कायदा म्हणतो. सेकंडहँड गाडीलाही तो लागू आहे, फक्त तिचं वय, किंमत आणि मायलेज धरून. म्हणजे सात वर्षांच्या गाडीच्या सीटला चिरा असतील, तर रडायचं नाही. घेऊन आठवड्यात गिअरबॉक्स नाचायला लागला, तर रडायचं. विकताना दोष स्पष्ट दाखवून दिला असेल, तर त्या दोषासाठी मागाहून भांडता येत नाही. गाडी अशी नसेल तर ३० दिवसांच्या आत ती सरळ नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. दुरुस्तीला दिलेले दिवस या ३० मध्ये धरत नाहीत, घड्याळ तेवढं थांबतं. ३० दिवस उलटले तरी सगळं संपत नाही. पण मग आधी दुरुस्तीची किंवा बदलीची एक संधी द्यावी लागते. ती फसली तर गाडी नाकारता येते, आणि तेव्हा मोटारीच्या बाबतीत वापरापोटी काही रक्कम कापता येते.

यात एक उलटी गोम आहे. पहिल्या ३० दिवसांत नाकारायची तर दोष विकतानाच होता, हे आपण दाखवायचं. दुरुस्तीचा रस्ता धरला तर सहा महिन्यांपर्यंत दोष मुळातलाच मानला जातो, आणि तो तसा नव्हता हे व्यापाऱ्यानं सिद्ध करायचं. लोकांना नेमकं याच्या उलट वाटतं. पहिल्या महिन्यात काही दाखवावं लागत नाही, अशा समजुतीत मीही होते.

डीलरचं उत्तर दोन दिवसांत आलं. गिअरबॉक्सची झीज ही नेहमीची बाब आहे. तुम्ही ७०० मैल चालवलीत. गाडीची एमओटी, म्हणजे इथली दरवर्षीची सक्तीची तपासणी, पास आहे. आणि बिलावर 'सोल्ड ॲज सीन', म्हणजे जशी दिसते तशी विकली, असं छापलंय. हे शेवटचं वाक्य वाचून माझं धाबं दणाणलं होतं. नंतर कळलं की त्या वाक्याला व्यापारी आणि ग्राहक यांच्यात काही किंमत नाही. कायद्यानं दिलेले हक्क बिलावर छापून काढून घेता येत नाहीत. खाजगी माणसाकडून गाडी घेतलीत तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे दर्जाचा हा नियमच नाही. आणि एमओटीच्या तपासणीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची अवस्था बघतच नाहीत! ब्रेक, दिवे, टायर, धूर बघतात. मी आजवर एमओटीचा कागद म्हणजे गाडीचं आरोग्यपत्र समजत होते.

आता बँकेकडे येते. कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४, कलम ७५. वस्तूची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल, आणि तिच्यातला काही भाग जरी क्रेडिट कार्डानं भरला असेल, तर विक्रेत्यानं करार मोडल्याबद्दल किंवा खोटं सांगितल्याबद्दल कार्ड देणारी कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार. कार्डावर किती भरलं याला महत्त्व नाही, वस्तूची किंमत किती याला आहे. ५०० भरा नाहीतर ५० भरा, जबाबदारी पूर्ण व्यवहाराची. म्हणून ६,४०० ची गाडी यात बसते आणि ३१,००० ची बसत नाही, भले तिच्यावरही तुम्ही ५००च भरले असोत. आधी डीलरशी शेवटपर्यंत लढलं पाहिजे अशीही अट नाही.

ब्रिटनमध्ये पहिलं क्रेडिट कार्ड १९६६ सालचं, बार्कलेकार्ड. म्हणजे हा कायदा झाला तेव्हा कार्ड जेमतेम आठ वर्षांचं होतं. त्यामागचं तर्कशास्त्र मला आवडतं. उधार देणारा आणि विकणारा दोघं मिळून एक सौदा घडवतात, दोघं त्यातून कमावतात, मग सौदा फसला तर एकट्या ग्राहकानं का बुडावं?

डेबिट कार्डाला हे कलम नाही. तिथे 'चार्जबॅक' असतो, म्हणजे बँक विक्रेत्याकडून पैसे परत ओढून घ्यायचा प्रयत्न करते. तो कायदा नाही, व्हिसा-मास्टरकार्डच्या आपसातल्या नियमांचा भाग आहे. त्याला साधारण १२० दिवसांची मुदत असते आणि कार्डावर भरलं तेवढंच मिळू शकतं. आणि गाडी एचपीवर, म्हणजे हप्त्यांवर घेतली असेल, तर कायद्याच्या दृष्टीनं गाडी तुम्हाला फायनान्स कंपनीनं दिलेली असते. मग भांडण सरळ त्या कंपनीशीच.

आणि नवऱ्याचं कार्ड कोटात राहिलं ते बरंच झालं. का, ते सांगते. खातं माझं, त्याचं कार्ड त्याच खात्यावरचं जादाचं. ज्याचं खातं, त्यानंच विक्रेत्याशी करार केलेला असावा, अशी या कलमाची साखळी आहे. जादा कार्डावर त्यानं पैसे भरले असते आणि बिलही त्याच्या नावावर असतं, तर बँकेला बोट ठेवायला जागा मिळाली असती. निव्वळ विसरभोळेपणानं आम्ही वाचलो. (तो अजूनही हे श्रेय मागतो.)

बँकेला अर्ज करण्याआधी मी एका स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासणी करून घेतली. १९० पौंड गेले. देताना जीव वर-खाली झाला, पण पुढचं सगळं त्याच कागदावर उभं राहिलं. गिअरबॉक्सचं तेल काळं आणि जळकट वासाचं होतं, हे तर त्यानं लिहिलंच. पण खरी गंमत स्कॅनमध्ये निघाली. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये बिघाडाची नोंद होती आणि नोंदीपुढे मायलेज होतं, ६१,२१२. गाडी मला विकली तेव्हा ओडोमीटरवर ६१,८४० होते. म्हणजे ती माझ्या दारात यायच्या सहाशे मैल आधीपासून झटके देत होती! अपडेट खरंच केला असता तर ही नोंद जागेवर राहिली असती का, असं इंजिनिअर गालातल्या गालात हसून म्हणाला. हे वाक्य मात्र अहवालात नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात बँकेचा फोन. आवाज अगदी मधाळ. कोणतीही जबाबदारी न स्वीकारता, केवळ सदिच्छा म्हणून आम्ही तुम्हाला ५०० पौंड परत देऊ, प्रकरण मिटवू या का? मी 'हो' म्हणणारच होते. कंटाळा आला होता, दारात मेलेली गाडी बघून रोज जीव जळत होता. वाटलं, निदान एवढे तरी सुटले. मग आठवलं, हेच तर मी आठव्या दिवशीही केलं होतं.

"मला विचार करायला वेळ हवा," म्हटलं, आणि संध्याकाळी लेखी तक्रार पाठवली. मागणी पूर्ण किमतीची आहे, तपासणीचा खर्चही या करारभंगामुळेच झाला आहे, आणि ही रीतसर तक्रार समजावी. या शेवटच्या ओळीनं फरक पडतो. तक्रार नोंदली की बँकेला अंतिम उत्तरासाठी ८ आठवडे मिळतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे बँक आणि ग्राहक यांच्यातली भांडणं सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं. अंतिम उत्तर आल्यावर त्यासाठी सहा महिने असतात. आपल्याला एक पेनी लागत नाही, आणि त्यांचा निर्णय आपण स्वीकारला तर बँकेला तो पाळावाच लागतो. तिथवर जायची वेळ माझ्यावर आली नाही.

सातव्या आठवड्यात पत्र आलं. ६,४०० अधिक १९०, वजा २१०. हे २१० माझ्या ७०० मैलांच्या वापराचे. आता इथे भांडायला जागा होती. दुरुस्तीचे दिवस वगळले तर मी ३० दिवसांच्या पुष्कळ आत नाकारलं होतं, आणि तेव्हा वापराची कपात बसत नाही. सहकारी म्हणाला, लिही. मी नाही लिहिलं. ६,३८० पौंड खात्यात आले आणि २१० मी चालवून घेतले. चूक होती, माहीत आहे.

तेव्हा, तुम्ही विचारता की ५०० चे ६,४०० कसे झाले. मी हल्ली उत्तर द्यायच्या आधी उलट विचारते, गाडी घेऊन किती दिवस झाले? गेल्या आठवड्यात एकीचा फोन आला होता. डिझेल गाडी, डॅशबोर्डवर दिवा, डीलर म्हणतोय सोमवारी आणा, बघू. माझा प्रश्न ऐकून तिनं बोटांवर मोजलं असावं, कारण थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाली, "आज एकोणतिसावा."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस?" मी म्हटलं. "फोन ठेव. आधी मेल लिही."

तिनं 'बाय' न म्हणताच ठेवला.