चार कोरे रकाने

अमेरिकेतल्या औषध-चाचण्यांचा डेटा आम्ही हिंजवडीत बसून साफ करतो. पेशंटचं नाव कळत नाही, त्याला औषध मिळतंय की प्लासिबो (औषध नसलेली नकली मात्रा) हेही नाही. फक्त सब्जेक्ट नंबर आणि रकाने.

ओपिऑइडच्या (अफूसारख्या अमली पदार्थांच्या) व्यसनावरच्या ट्रायलमध्ये सगळं येऊन अडतं लघवीच्या नमुन्यावर. नमुना आलाच नाही, तर पॉझिटिव्ह, म्हणजे नशा केली असं धरायचं. हे ॲनालिसिस प्लॅनमध्ये आधीच लिहिलेलं असतं, आणि कारण रास्त आहे: पुन्हा घ्यायला लागलेला माणूस बहुधा फिरकतच नाही. त्यात फेंटानिल, प्रयोगशाळेत बनवलेलं जहाल ओपिऑइड. मॉर्फीनसाठीच्या साध्या स्ट्रिपला ते दिसत नाही, वेगळी चाचणी लागते. रोज घेणाऱ्याच्या अंगात ते इतकं मुरतं की सोडल्यावरही आठवडा-दोन आठवडे त्याचा अंश लघवीत येत राहतो. हे साइटवाल्यांना, म्हणजे नमुने घेणाऱ्या क्लिनिकना, कितीदा सांगायचं? 'ओपिएट निगेटिव्ह' टाकून मोकळे होतात.

डेटाबेस लॉकच्या, म्हणजे नोंदी कायमच्या गोठवण्याच्या, आदल्या दिवशी मी एका सब्जेक्टवर अडकले. ओळीनं निगेटिव्ह, मग चार आठवडे कोरे. क्लिनिकला क्वेरी टाकली. रात्री उशिरा उत्तर आलं: गोदामात नोकरी लागली, पहाटेपासून दुपारपर्यंत पाळी, आणि क्लिनिकच्या व्हिजिट सकाळीच. फोनवर म्हणतो, बरा आहे.

आमचे स्टॅटिस्टिशियन सर म्हणाले, "फोनवर सगळेच बरे असतात. आज याला सूट दिली, तर उद्या प्रत्येक कंपनी आपल्या गैरहजरांना नोकरीला लावेल."

खरंय त्यांचं. कोणाला मोजायचं यावर औषधाचं नशीब फिरतं. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या ट्रायलमध्ये ५७० जण होते; या व्यसनावरच्या दोन औषधांची, नालट्रेक्सोन आणि ब्युप्रेनॉर्फिनची, तुलना होती. नालट्रेक्सोनच्या इंजेक्शनआधी अंगातली नशा पूर्ण उतरावी लागते. तिथवर न पोचल्यानं त्या गटातल्या २८ टक्के लोकांचं औषध सुरूच झालं नाही. ब्युप्रेनॉर्फिनच्या गटात हेच प्रमाण ६ टक्के. सगळे धरले तर नालट्रेक्सोन मागे पडतं, फक्त सुरू केलेले धरले तर दोन्ही जवळपास सारखी.

त्याचे चारही रकाने पॉझिटिव्ह गेले. नोकरीची नोंद कॉमेंटमध्ये राहिली, आणि कॉमेंट टेबलात येत नाहीत. सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिसमध्ये वेगळं गृहीतक धरून बघू, असं सर म्हणाले. अहवालात तिथवर पानं उलटणारे स्पॉन्सरकडे, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीकडे, किती आहेत, ते मला ठाऊक आहे. पुढच्या प्रोटोकॉलसाठी (ट्रायलच्या आराखड्यासाठी) मी संध्याकाळच्या व्हिजिटचा मुद्दा पाठवलाय. पहिलं उत्तर आलंय: खर्च वाढेल.