भोसरीतलं नेटवर्क आणि बेसिनवरचा रॅक

आज भोसरी एमआयडीसीत एका कारखान्याचं नेटवर्क आखायला गेलो होतो. मालक म्हणाले, "साहेब, साधा स्विच टाका, चालतंय." चालतं हो! पण स्विच म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा; त्यात कॅमेरे, बिलिंग आणि पाहुण्यांचं वायफाय एकत्र कोंबलं, की एकाचा गोंधळ सगळ्यांना भोवतो. तिघांचे व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कातले स्वतंत्र कप्पे, वेगळे केले. गोडाऊन लांब, तांब्याची केबल 100 मीटरपर्यंतच, म्हणून तिथे फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल. मॅनेज्ड, म्हणजे दुरून सांभाळता येणाऱ्या, स्विचसाठी मात्र हटून बसलो. कुठलं पोर्ट (केबल खोचायची जागा) बंद पडलं ते एसएनएमपीवरून, म्हणजे नेटवर्कवरूनच उपकरणांची खबर घ्यायच्या पद्धतीने, बसल्या जागी कळतं, शिडी घेऊन हिंडावं लागत नाही. हे सगळं बसवायच्या रॅकची जागा मालकांनी आधीच ठरवलेली: पॅन्ट्रीत, बेसिनच्या बरोब्बर वर! बराच वेळ त्यातच गेला. शेवटी अकाउंट्सच्या मॅडमच म्हणाल्या, "माझ्या कपाटाशेजारी लावा, इथे एसी आहे."