कीवेनॉमधील तीन दुपारी: नवी स्नोमोबाइल निवडण्यापूर्वीचा प्रवास

मिनियापोलिसजवळच्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये गेली कित्येक वर्षे उभी असलेली, कार्ब्युरेटरवर चालणारी ६०० सीसीची २००९ सालची स्नोमोबाइल (पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असलेले, बर्फावर धावणारे वाहन) बदलायची, हे आम्ही दोघांनी हिवाळ्याच्या सुरुवातीलाच ठरवले होते. प्रश्न होता तो तिच्या जागी काय आणायचे याचा. विक्रेत्याच्या दालनात उभ्या असलेल्या यंत्रावर बसून हँडल हलवून पाहिल्याने काहीच कळत नाही, आणि माहितीपत्रकातील आकडे वाचून माझा गोंधळ वाढतच गेला. म्हणून फेब्रुवारीत तीन दिवस मिशिगनच्या उत्तरेकडील कीवेनॉ द्वीपकल्पात जायचे, तेथे भाड्याची नवी यंत्रे घ्यायची, सोबत आपले जुने यंत्रही न्यायचे आणि एकाच ट्रेलवर, म्हणजे बर्फातल्या आखलेल्या वाटेवर, सगळी चालवून मगच निर्णय घ्यायचा, असे आम्ही योजले. आमच्याबरोबर आमचे शेजारी आणि माझे एक सहकारी, असे दोघे आपापली यंत्रे घेऊन आले होते.

कीवेनॉ निवडण्याचे कारण बर्फ. वायव्येकडून येणारी कोरडी, अतिथंड हवा लेक सुपीरियरच्या तुलनेने उबदार पाण्यावरून येताना बाष्प घेते, द्वीपकल्पाच्या कण्याला आदळून वर चढते आणि सगळे बाष्प बर्फरूपाने तेथेच टाकते. मोहॉक गावाजवळ यूएस-४१ या महामार्गालगत बर्फाची नोंद दाखवणारा एक उंच खांब उभा आहे, त्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्यातील ३९०.४ इंचांचा, म्हणजे जवळजवळ दहा मीटरांचा विक्रम दाखवलेला आहे. एरवी तांब्याच्या खाणींसाठी ओळखला जाणारा हा प्रदेश हिवाळ्यात स्नोमोबाइलवाल्यांचा असतो. हॉटन आणि हँकॉक ही दोन गावे जोडणारा १९५९ सालचा उचलता पूलही हिवाळ्यात सर्वांत खाली उतरवून ठेवतात, त्यामुळे वरच्या मजल्यावरून मोटारी आणि खालच्या मजल्यावरून स्नोमोबाइल एकाच वेळी जाऊ शकतात. त्या खालच्या मजल्यावरून पहिल्यांदा जाताना मला झालेला आनंद आजही तितकाच ताजा आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी आधीच सांगतो. मिनियापोलिसहून हॉटनला पोहोचायला ट्रेलर ओढत सात तास धरावेत, आणि हॉटन पूर्वेकडील प्रमाणवेळेत असल्याने वाटेत एक तास हातचा जातो हे विसरू नये. नोंदणी दुसऱ्या राज्यातील असली तरी मिशिगनच्या ट्रेलवर जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला तेथील ट्रेल परमिट लागते. ते १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे वर्षभर चालते, आणि त्या पैशातूनच ट्रेल सपाट करण्याचा खर्च भागवला जातो. अधिकृत हंगाम १ डिसेंबर ते ३१ मार्च असा आहे. शक्यतो मंगळवार ते गुरुवार जावे. शनिवारी गर्दी इतकी असते की ट्रेलची अवस्था तासातासाला बदलते आणि दोन यंत्रांची प्रामाणिक तुलना करता येत नाही.

यंत्रे एकूण पाच होती. एक आमचे जुने. दुसरे पहिल्या दिवशी भाड्याने घेतलेले स्की-डूचे एमएक्सझेड, ६००आर ई-टेक इंजिनाचे, १२९ इंची ट्रॅकचे (ट्रॅक म्हणजे मागचा फिरणारा रबरी पट्टा). तिसरे दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी भाड्याने घेतलेले पोलारिसचे इंडी एक्ससी, ६५० पॅट्रियट इंजिनाचे, १३७ इंची ट्रॅकचे. चौथे सहकाऱ्यांचे स्की-डू रेनेगेड, ८५० ई-टेक इंजिन आणि १३७ इंची ट्रॅक असलेले. पाचवे शेजाऱ्यांचे, त्याच ट्रॅकचे पण ९०० एसीई या तीन सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनाचे. फिनिक्सच्या पुढे कॉपर हार्बरकडे जाणाऱ्या वाटेवरचा जंगलातील सुमारे सहा किलोमीटरचा वळणावळणाचा तुकडा आम्ही परीक्षेसाठी निवडला आणि पहिले दोन दिवस, सकाळी नऊच्या सुमारास व दुपारी तीननंतर, आळीपाळीने यंत्रे बदलून तो पार केला.

या प्रवासातून मला जे उमगले, ते सगळे त्या दुपारच्या फेऱ्यांतून उमगले. ट्रेल सपाट करणारे ग्रूमर बहुतेक रात्री चालतात, कारण दाबलेल्या बर्फाला थंडीत काही तास मिळाले तरच तो घट्ट बसतो. त्यामुळे सकाळचा ट्रेल टेबलासारखा असतो आणि त्यावर प्रत्येक यंत्र उत्तम वाटते. आमचे सतरा वर्षांचे जुने यंत्रसुद्धा सकाळी इतके छान धावले, की ते विकायचे तरी कशाला, असे पत्नी म्हणाली. दुपारपर्यंत शेकडो यंत्रे वळणांपूर्वी ब्रेक लावून आणि वळणांनंतर वेग घेऊन गेलेली असतात, आणि त्याच ठिकाणी गुडघाभर उंचीचे, एकापाठोपाठ एक असे उंचवटे तयार होतात. दुपारी तीन वाजता त्याच सहा किलोमीटरांवर जुन्या यंत्राने तिच्या पाठीचे आणि मनगटांचे हाल केले. नव्या यंत्रांतील खरा फरकही मला तेथेच दिसला. जे विक्रेते चाचणीची फेरी देतात, ती बहुधा सकाळी आणि सपाट ट्रेलवर देतात. जमल्यास दुपारची वेळ मागून घ्यावी.

ट्रॅकच्या लांबीबद्दल मी आजवर फारसा विचार केलेला नव्हता. १२९ इंच म्हणजे सुमारे ३.२८ मीटर आणि १३७ इंच म्हणजे ३.४८ मीटर, हा सगळा पट्टा गोल फिरणारा असल्याने जमिनीला टेकलेला भाग त्याच्या निम्म्याहूनही कमी वाढतो, म्हणजे फरक जेमतेम वीतभराच्या आतला. तरीही तेवढ्याने उंचवट्यांवरचे वागणे बदलते. लांब ट्रॅक एका उंचवट्याच्या माथ्यावरून निघताना पुढच्या उंचवट्याचा आधार लवकर घेतो आणि मधल्या खड्ड्यात कमी उतरतो. आखूड ट्रॅक खड्ड्याचा आकार अधिक इमानाने चालकापर्यंत पोहोचवतो. याउलट लागोपाठच्या तीव्र वळणांत १२९ इंची यंत्र इतके तत्परतेने वळते, की मला ते सोडवत नव्हते. पण माझे वय पन्नाशीकडे झुकलेले, दिवसाचा पल्ला दीडशे-दोनशे किलोमीटरांचा, आणि यंत्र दोघांनी वापरायचे. दुपारी चारनंतर हातापायांत किती त्राण उरते, हा आमच्यासाठी वळणातील मजेपेक्षा मोठा प्रश्न होता.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण ती न केल्याने पहिल्या दिवशी आमची तुलना जवळजवळ वाया गेली होती. भाड्याचे यंत्र आधीच्या चालकाच्या वजनानुसार जुळवलेले असते. माझे वजन ८६ किलो, पत्नीचे ५४. तिने ते तसेच घेतले तेव्हा मागील सस्पेन्शन तिच्या वजनाने दबतच नव्हते, सगळा भार पुढे स्कींवर येत होता आणि हँडल जड झाले होते. यंत्रच वाईट, असा तिचा समज होणे स्वाभाविक होते. मग आम्ही मोजमाप केले. मागचा बंपर वर उचलून सस्पेन्शन पूर्ण मोकळे असताना बंपरची जमिनीपासूनची उंची घ्यायची, नंतर चालकाने पूर्ण पोशाखात बसायचे आणि पुन्हा उंची घ्यायची; दोहोंतील फरक पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत येईपर्यंत मागील स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा. पाच मिनिटांचे काम आहे, पण त्यानंतर तेच यंत्र तिला परके वाटेनासे झाले. स्कींवर किती भार असावा हे ठरवणारा दुसरा घटक म्हणजे ट्रॅकच्या पुढील बाजूचा लिमिटर पट्टा. तो आखडला की भार स्कींवर येतो, वळण अचूक होते आणि हात लवकर दमतात. सैल केला की उलट. स्कींखालचे कार्बाइड (बर्फात रुतून वळायला मदत करणाऱ्या कठीण पट्ट्या) झिजलेले असतील, तर मात्र कोणतीही जुळवणी उपयोगी पडत नाही. म्हणून भाड्याचे यंत्र ताब्यात घेताना वाकून ते आधी पाहावेत.

इंजिनांबद्दल मी कमी लिहिणार आहे, कारण तेथे निर्णय सोपा होता. जुन्या कार्ब्युरेटरच्या दोन-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराड्यातून निघून जातो. ई-टेकमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने ही गळती पुष्कळ घटते. आमच्या हिशेबात जुन्या यंत्राने लिटरमागे सुमारे पाच किलोमीटर दिले आणि ६००आरने साडेसातच्या आसपास. थंडीत सकाळी उणे वीस अंशांना जुन्याचा चोक ओढून दोरी खेचत बसावे लागले, तर बाकीची एका बटनावर सुरू झाली. ६०० च्या वर्गात सुमारे १२५ अश्वशक्ती मिळते आणि ८५० मध्ये १६५ च्या जवळपास. सहकाऱ्यांच्या ८५० वर थ्रॉटलवरचा अंगठा थोडा जास्त दाबला गेला की झाडे अंगावर येऊ लागत. गोठलेल्या मोठ्या सरोवरांवर किंवा खोल बर्फात त्या ताकदीला जागा असेल. जंगलातल्या वळणांच्या ट्रेलवर ती मला वापरताच आली नाही.

चार-स्ट्रोक ९०० मात्र मला अपेक्षेपेक्षा अधिक आवडले. ते शांत आहे, इंधन कमी पिते, दोन-स्ट्रोकसारखे वेगळे तेल सतत भरावे लागत नाही, आणि अंगठा सोडताच इंजिनच यंत्राला आवरते, त्यामुळे ब्रेक कमी लागतो. ही सवय व्हायला अर्धा दिवस जातो, पण सवय झाली की उतारावर फार धीर येतो. पुढच्या टोकाला असलेले जादा वजन उंचवट्यांवर जाणवते, आणि यंत्र बाजूच्या मऊ बर्फात रुतले तर ते ओढून काढायला दोघे लागतात. एकट्याने फिरणाऱ्याने याचा विचार करावा.

दुसऱ्या दिवशी लॅक ला बेलकडून परतताना आमच्या जुन्या यंत्राचा बेल्ट तुटला. ज्यांनी कायनेटिक होंडा चालवली आहे, त्यांना स्नोमोबाइलची ही रचना लगेच समजेल. गिअर नाहीत, दोन पसरट कप्प्या आणि त्यांच्यामधून धावणारा एक बेल्ट, आणि वेगानुसार प्रत्येक कप्पीच्या दोन्ही बाजू जवळ-लांब होत गुणोत्तर बदलतात. कप्प्या नीट रेषेत नसतील तर बेल्ट तापतो, चकाकतो आणि शेवटी फाटतो. आमच्याजवळ सुटा बेल्ट होता म्हणून वीस मिनिटांत निघता आले. नवे यंत्र निवडताना आवरण उघडून बेल्ट बदलायला किती वेळ लागतो आणि कोणते अवजार लागते, हे दालनातच करून पाहावे. उणे पंधरा अंशांत हातमोजे काढून ते पहिल्यांदा शिकण्याची वेळ येऊ नये. कॅल्युमेट गावात टाकी भरल्याशिवाय उत्तरेकडे जाऊ नये, हेही त्याच दिवशी शिकलो.

तिसऱ्या दिवशी हॉटनच्या दक्षिणेला बिल निकोल्स ट्रेलवर गेलो. जुन्या कॉपर रेंज रेल्वेच्या मार्गावरचा हा ट्रेल बराचसा सरळ आहे, आणि फायरस्टील नदीवरचे त्याचे तीन उंच पूल ओलांडताना श्वास रोखला जातो. त्या दिवशी वरचा थर गोठून काचेसारखा झाला होता. अशा कडक ट्रेलवर ट्रॅकने उडवलेला भुसभुशीत बर्फ रेडिएटरपर्यंत आणि ट्रॅकखालच्या प्लॅस्टिकच्या सरकपट्ट्यांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे इंजिन तापते आणि पट्ट्या वितळू लागतात. बर्फ खरवडून उडवणारे आइस स्क्रॅचर नव्या यंत्रावर बसवूनच घ्यावेत. ट्रॅकचे दात सव्वा इंचाचे असावेत की दीड इंचाचे, हाही प्रश्न तेथे सुटला. आमच्यासारख्या फक्त ट्रेलवर फिरणाऱ्यांना सव्वा इंच पुरतात.

आकड्यांबाबत एक इशारा. माहितीपत्रकातील वजन कोरडे असते. चाळीस लिटर पेट्रोल म्हणजेच सुमारे तीस किलो, त्याखेरीज तेल आणि शीतक वेगळे; म्हणून दोन यंत्रांच्या कोरड्या वजनात पाच किलोंचा फरक दिसला, तर त्यावर निर्णय घेऊ नये. कंपन्यांच्या परिस्थितीचा विचार मात्र करावा. यामाहाने २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबाइल बनवणे थांबवण्याचा निर्णय २०२३ मध्येच जाहीर केला, आणि आर्क्टिक कॅटची मालकी २०२५ मध्ये बदलली. त्यांची जुनी यंत्रे आजही उत्तम चालतात, पण वापरलेले यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर जवळचा दुरुस्ती करणारा आणि सुट्या भागांची सोय यांची खात्री करूनच पैसे द्यावेत. नवे घ्यायचे असल्यास मार्च-एप्रिलमधील वसंत ऋतूतील आगाऊ मागणीची योजना पाहावी, कारण ट्रॅक, शॉक आणि डिस्प्ले यांचे काही पर्याय फक्त तेव्हाच मिळतात.

आम्ही ६००आर इंजिनाचे आणि १३७ इंची ट्रॅकचे रेनेगेड मागवले आहे. नेमकी हीच जोडी आम्ही चालवलेली नाही. इंजिन पहिल्या दिवशीच्या भाड्याच्या यंत्रावर पारखले आणि ट्रॅकची लांबी बाकीच्या तिघांवर. यंत्र शरद ऋतूत येईल. पत्नीसाठी मागील स्प्रिंग किती आणि माझ्यासाठी किती, हँडलची उंची कोणती, लिमिटर कितव्या भोकात, हे सगळे आकडे तिने कॉपर हार्बरच्या खानावळीत जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालावर लिहून काढले होते. निराळ्या यंत्रावर ते जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, पण जुळवणीची सुरुवात त्यांच्यापासूनच होईल. तो रुमाल आता गॅरेजच्या भिंतीवर, जुन्या यंत्राच्या किल्लीशेजारी लावलेला आहे.