७२२ क्रमांकाची गाडी आणि आमची परतीची वाट

जर्मनीतल्या आमच्या आठ दिवसांपैकी हायडेलबर्ग आणि ब्लॅक फॉरेस्ट पाहण्यात सहा दिवस आनंदात गेले. मला लिहायचे आहे ते मात्र स्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयातल्या एका दुपारीबद्दल.

तिथे लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जाऊन, १८८६ सालच्या पहिल्या गाडीपासून वळसे घेत खाली उतरायचे असते. शेवटच्या दालनात, तिरप्या वळणाच्या धावपट्टीवर, शर्यतीच्या चंदेरी गाड्या उभ्या असतात. बाबा त्यांतल्या ३०० एसएलआर या गाडीपाशी थांबले आणि अर्धा तास तिथून हलले नाहीत.

१ मे १९५५ रोजी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी ब्रिटिश शर्यतपटू स्टर्लिंग मॉस याच जातीची, ७२२ क्रमांकाची गाडी घेऊन इटलीतल्या ब्रेशाहून निघाला आणि रोमला वळसा घालून सुमारे १,६०० किलोमीटरची मिले मिलिया शर्यत १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकून परतला. शेजारी बसलेला पत्रकार डेनिस जेन्किन्सन कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर टिपलेली वळणे वाचत होता. परंतु इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू जाणे शक्यच नसल्यामुळे त्या दोघांनी हाताच्या खुणा ठरवून घेतल्या होत्या. पुढचा रस्ता दिसत नसतानाही मॉस त्या खुणेवर विश्वास टाकून वेग कमी करत नसे.

हे कळल्यावर बाबांचा चेहरा उजळला. चिंचवडच्या एका फोर्जिंग शॉपमध्ये, म्हणजे तापलेला धातू यांत्रिक घणाने (हॅमरने) ठोकून घडवणाऱ्या कारखान्यात, त्यांची एकतीस वर्षे गेली. हॅमरच्या दणक्यांत तिथली माणसे हातानेच बोलत, आणि त्याच दणक्यांनी बाबांचे ऐकणेही कमी केले. आवाजापासून कान वाचवणारी साधने त्या काळी मागूनही मिळाली नाहीत, याचा राग मला आजही आहे.

आम्हाला तिथे घेऊन आलेल्या आतेभावाची एस-क्लास, म्हणजे मर्सिडीजचीच नवी आलिशान गाडी, बाहेर उभी होती. ती आणि ३०० एसएलआर, दोन्ही गाड्यांचे इंजिन सुमारे तीन लिटरचेच आहे. जुन्या गाडीत आठ सिलिंडरांतून ३०० च्या वर अश्वशक्ती निघे, तर नवीत सहांतूनच ४०० च्या वर निघते. जुनीचे वजन ९०० किलोंच्या आसपास, नवीचे दोन टनांच्या घरात. जुनीत चालकाचे पाय इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना फाकलेले असत, क्लच डावीकडे आणि ब्रेक व ॲक्सिलरेटर उजवीकडे. सीटबेल्ट नव्हता आणि गाडीच्या अंगावर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा होता. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत अशीच एक गाडी प्रेक्षकांत घुसून पेटली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. म्हणून नव्या गाडीतल्या एअरबॅगांचा आणि मागची चाकेही वळवणाऱ्या यंत्रणेचा मला मनापासून आदर वाटतो.

तरीही परतताना ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीतल्या महामार्गावर, मला त्या आरामाचा त्रास झाला. ताशी १८० चा वेग जाणवतही नव्हता, जेन्किन्सनचे काम गाडीतला रस्ता दाखवणारा पडदा करत होता, आणि एवढ्या शांततेत आम्ही तिघे एकमेकांशी काहीच बोलत नव्हतो. गावाच्या रस्त्याला लागल्यावर मी भावाला काच उतरवायला सांगितले. वारा आत घुसला. मी बाबांना विचारले, "थंडी वाजते का?" त्यांना ऐकू आले नाही, पण त्यांनी माझ्याकडे पाहिले, तळहात पुढे सपाट धरला आणि हळूच डावीकडे कलवला.

पुढे खरोखरच डावे वळण होते.