कोअर रोप मेमरी, टप्पा ३: सोळा रिंगा, आठ तारा

अपोलो चांद्रमोहिमेच्या यानातल्या गायडन्स कॉम्प्युटरमधला ३६,८६४ शब्दांचा कायमचा प्रोग्राम अक्षरशः विणलेला होता. सहा मोड्यूल, प्रत्येकात ५१२ कोअर (चुंबकी कड्या), एकेका कोअरमागे १९२ सेन्स तारा, म्हणजे बिट वाचणाऱ्या तारा. तार कोअरच्या आतून गेली की १, बाहेरून गेली की ०. त्यापुढे आपली ही चिंधी: १६ पत्ते, ८ बिट.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. खऱ्या रोपमध्ये परमलॉय (निकेल-लोखंडाचा मिश्रधातू) पट्टीचे कोअर होते आणि इनहिबिट, म्हणजे रोखणाऱ्या, तारा नको ते सगळे कोअर दाबून धरत. इथे साध्या फेराइट रिंगा आहेत, प्रत्येकीला वेगळे वेढे. म्हणजे हे सोळा पल्स ट्रान्सफॉर्मर झाले. विणकाम मात्र तेच.

रिंग १० × ६ × ४ मिमी, पर्मिएबिलिटी १०,००० च्या आसपास. ३२ गेज इनॅमल तारेचे १० वेढे दिले की साधारण ४०० मायक्रोहेन्री मिळतात. इपॉक्सीचा थर असलेलीच रिंग घ्या. हे फेराइट थोडी वीज वाहून नेतं. उघड्या कडेवर इनॅमल खरवडलं की वेढे रिंगमार्फत आपसात जोडले जातात आणि त्या पत्त्याचा पल्स बसतो.

पत्ता निवडायला दोन ७४एचसी५९५ (शिफ्ट रजिस्टर) आणि वेढ्यांतून करंट ओढायला दोन यूएलएन२८०३ (ड्रायव्हर). ५९५ ची आउटपुट इनेबल पिन ३ मायक्रोसेकंद खाली ओढली की तोच पल्स. या पिनेला १० किलोओहमचा पुल-अप हवाच. नाहीतर चालू होताना ५९५ मध्ये जो कचरा असेल तो थेट वेढ्यांवर जातो, रिंग सॅच्युरेट होते, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनाशी होते, आणि मग करंट अडवायला तांब्याच्या तारेखेरीज काही उरत नाही. विम्यादाखल सगळ्या वेढ्यांच्या सामाईक ५ व्होल्टमध्ये २२ ओहम, १ वॅटचा एकच रेझिस्टर. यूएलएनची पिन १० (आतल्या डायोडांचं सामाईक टोक) त्याच्या पुढच्या टोकाला, म्हणजे वेढ्यांच्या बाजूला जोडायची. दोन वाचनांत ३० मायक्रोसेकंद सोडा. रिंगमधलं फ्लक्स डायोडमार्गे उतरायला १२ च्या आसपास लागतात.

आता ओवणं. सात बिट म्हणजे सेव्हन-सेगमेंटचे सात भाग, आठवा पॅरिटी, म्हणजे १ ची एकूण संख्या विषम राखणारा तपासणीचा बिट. पत्ते ० ते ९ अंक, १० वर उणे चिन्ह, ११ ते १५ कोरे. एका वेळी एकच तार पूर्ण करायची, त्यासाठी तारेगणिक पट्टी लिहून ठेवा. 'ई' सेगमेंटची तार फक्त ०, २, ६, ८ मधून, बाकी बारा रिंगांच्या बाहेरून. पॅरिटीची ०, १, ४, ६, ९ आणि ११ ते १५ मधून. अमेरिकेत वॉल्थमला, मेमरी विणणाऱ्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात, हीच पट्टी पंच टेपवर असे. यंत्र योग्य भोक समोर आणी, बाई सुई पलीकडे देई.

पॅरिटी विषम ठेवली आहे, अपोलोसारखीच. कोऱ्या जागेलाही मग एक १ मिळतो, आणि आठही बिट शून्य आले तर रिंग मेली हे लगेच कळतं. सम पॅरिटीत मेलेली रिंग आणि कोरी जागा सारखीच दिसली असती.

सुई नेहमी डावीकडूनच. उलटी ओवलेली तार उणे ०.४ व्होल्ट देते. वाचनात तो ० दिसतो, शिवाय तारा वाचणाऱ्या एलएम३३९ कंपॅरेटरचं इनपुट उणे ०.३ च्या खाली न्यायचं नसतं. अशी तार तेवढ्याच रिंगेपुरती उसवता येत नाही, टोकापासून मागे यावं लागतं.

सेन्स तारेचं दुसरं टोक ग्राउंडला, आडवा १ किलोओहम. उंबरठा ०.२ व्होल्ट: २४ आणि १ किलोओहमचा डिव्हायडर. एलएम३३९ सुस्त आहे, १ मायक्रोसेकंदाचा पल्स त्याच्या हातून निसटू शकतो, म्हणून ३ ठेवला. वाचन पल्स सुरू झाल्यापासून २ मायक्रोसेकंदांनी, थेट पोर्टवरून. अर्दुइनोचं डिजिटलरीड तिथे चालत नाही, एका पिनेचं वाचन होईपर्यंत पल्स संपलेला असतो.

वॉल्थमचे मोड्यूल शेवटी प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद करत. आपलं ओतकाम सोळाही पत्त्यांचे आठही बिट पट्टीशी जुळल्यावर; दोन बिट एकदम चुकले तर नुसत्या पॅरिटीला कळत नाही. सध्या पत्ता ६ अडला आहे: 'सी' आणि 'डी' तारा शेजारच्या रिंगेत गेल्यात आणि त्यांच्यावर आणखी चार तारा आहेत.