रबराचा ताठा

मे महिन्यात ठाण्यात सगळंच सैल पडतं. माणसं सैल पडतात, शर्टाची कॉलर सैल पडते, दुपारच्या गप्पासुद्धा. रबराचं मात्र भलतंच. ताणून धरलेलं रबर तापवलं तर ते ढिलं होत नाही, उलट जास्त जोर लावतं.

खोटं वाटत असेल तर मेथीच्या जुडीचं रबर खिळ्याला अडकवा, त्याला एखादं कुलूप टांगा आणि हेअर ड्रायरची गरम हवा सोडा. कुलूप वर सरकतं. थोडंसंच, पण सरकतं. हे पहिल्यांदा नोंदवलं ते इंग्लंडमधल्या केंडलच्या जॉन गफ यांनी, 1805 साली. लहानपणी देवीच्या आजारात त्यांची दृष्टी गेली होती, म्हणून असेल, पण याच गुणाची दुसरी बाजू त्यांनी तपासली ती ओठांनी. रबराची पट्टी झटकन ताणून ओठांना लावली की कोमट लागते आणि ढिली सोडली की गार. पुढे 1859 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी रीतसर मोजमापं करून ते पक्कं केलं.

कारण पाहायचं तर विसर्जनाच्या दिवशी तलावपाळीला जावं. पथकाभोवती कार्यकर्ते दोर धरून उभे असतात. ताशा चढला की दोर धरणाऱ्यांचेही पाय थरकतात आणि दोराची टोकं आपोआप आत ओढली जातात. रबरातल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचं तसंच. उष्णता मिळाली की वळवळ वाढते आणि साखळ्या टोकं जवळ खेचायला बघतात.

अर्थात हा ताठा काही वेळापुरता. रोजच्या रोज तापणाऱ्या रबराचं काय होतं, ते कुकरची रिंग सांगते. शिट्ट्या होताना आत साधारण 120 अंश सेल्सिअस असतं. त्या उष्णतेत हवेतला ऑक्सिजन साखळ्यांवर हल्ला करतो. नैसर्गिक रबरात साखळ्या तुटतात, म्हणून फाइलीभोवतीचं जुनं रबर बँड कागदाला चिकटून बसतं. नायट्राइलसारख्या कृत्रिम रबरात उलट नवनवे बंध पडत जातात आणि ते कडक होऊन तडकतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हे म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येतं, असा ढोबळ ठोकताळा आहे. वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतींत रबराचे सुटे भाग बनवणारे म्हणूनच नमुना भट्टीत दोन-तीन दिवस भाजून मग त्याची हार्डनेस बघतात. वर्षांची वाट बघत बसायला वेळ कुणाला आहे?

आमच्या सासूबाई सैल झालेली रिंग फ्रीजरमध्ये ठेवतात. गारठ्याने ती जराशी आखडते, कडक होते आणि एखादा भात निघतो. पण झाकणाखाली दाबलेल्या अवस्थेत, तापलेली असताना जे बंध तयार झाले, ते तिला चपटीच ठेवतात. वाफ लागली की ती पुन्हा पहिल्यासारखी. सासूबाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "मग भात झाला ना?" झाला होता.

शेवटी जांभळी नाक्याला गेले. दुकानदाराने जुनी रिंग हातात घेतली, अंगठ्याने दुमडली आणि घडीवर केसाएवढ्या भेगा उमटल्या त्या दाखवल्या. "काळी देऊ का पांढरी, ताई? पांढरी सिलिकॉनची, महाग पडते, पण उष्णतेला ऐकत नाही." हे खरंच आहे. सिलिकॉनच्या साखळीचा कणा कार्बनचा नसतो, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा असतो, म्हणून ते 200 अंशांपर्यंत सहज टिकतं. त्याची खोड एकच: बारीकशी चीर पडली की ती भराभर पुढे धावते.

आमच्याकडे रिंग सुरीच्या टोकाने उपसून काढतात आणि काथ्याने घासतात. मी काळीच घेतली.